मंगळावरचे दार आणि काटोलची विहीर

गेल्या दिवाळीतली गोष्ट. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान आटोपून मी फराळाच्या ताटापुढे नुकताच बसलो होतो. चकलीचा पहिला तुकडा मोडतो न मोडतो, एवढ्यात पुण्याहून आलेली आमची नात धावत आली. ती नववीत आहे. हातातला मोबाइल माझ्या चष्म्यापुढे धरून ती म्हणाली, "आजोबा, खरं सांगा, यात तुम्हांला काय दिसतंय?"

दिसत होते ते असे. तांबूस-करड्या खडकाची एक चढण, आणि त्या खडकात गवंड्याने ओळंबा लावून बसवावे तसे एक दार. दोन्ही बाजू सरळ, वर आडवी पट्टी, आत काळोख. घरमालक नुकताच आत गेला असावा आणि दार लोटून घ्यायला विसरला असावा, असे वाटायला लावणारे!

"दार दिसतंय," मी म्हणालो.

"आजी, ऐकलंस? आजोबांनासुद्धा दार दिसतंय! आणि हा फोटो मंगळावरचा आहे!"

आपल्या आजोबांनी फोटो वाचून पोट भरले, तेव्हा त्यांचे मत म्हणजे शेवटचा निकाल, अशी तिची भाबडी समजूत. ती तशीच स्वयंपाकघराकडे धावणार होती. मी तिला थांबवले.

"तू मला काय दिसतंय, असं विचारलंस. काय आहे, असं कुठं विचारलंस?"

"त्यात फरक काय, आजोबा?"

वाचकहो, या एवढ्याशा फरकापायी मी एका शेतकऱ्याची बैलजोडी घालवलेली आहे. ती हकीकत पुढे येईलच. पण त्याआधी फोटो 'वाचणे' हा काय प्रकार आहे, ते थोडे सांगायला हवे.

फोटो पाहणे आणि फोटो वाचणे

नागपूर म्हटले की लोकांना संत्री आठवतात, उन्हाळा आठवतो, सांबारवडी आठवते. पण आमचे हे गाव जमिनीचे फोटो वाचणाऱ्यांचेही गाव आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. अमरावती रोडवर मातीचे सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय संस्था आहे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय इथे आहे, राज्य शासनाचे सुदूर संवेदन केंद्र इथे आहे आणि इस्रोचे प्रादेशिक केंद्रही इथेच. विमानातून किंवा उपग्रहातून घेतलेल्या चित्रांवर वाकून बसलेली माणसे या शहरात पुष्कळ. मीही डेहराडूनला जाऊन हे काम शिकलो आणि पुढे सारी नोकरी त्यातच काढली.

आमच्या वेळी विमानातून घेतलेले काळे-पांढरे फोटो असत. एकाच जागेचे, थोड्या अंतरावरून घेतलेले दोन फोटो शेजारी ठेवायचे आणि त्यांवर चार पायांची, दोन भिंगांची घोडी ठेवून पाहायचे. तिला स्टिरिओस्कोप म्हणतात. क्षणभर काहीच जुळत नाही. आणि मग एकाएकी सपाट कागदातून टेकड्या उठून उभ्या राहतात, नाले खोल जातात, झाडे ताठ होतात. पहिल्यांदा हे पाहिले त्या दिवशी मी जेवायचे विसरलो होतो.

पण डोळ्यांचे हे सुख झाले, वाचन निराळे. वाचताना आम्ही काही ठरावीक गोष्टी तपासत असू. रंगाची छटा फिकी की गडद? पोत गुळगुळीत की खरबरीत? आकार कसा, मोजमाप किती, सावली कोणत्या बाजूला? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेजार कोणाचा? ठिपक्यांच्या सरळ रांगा दिसल्या आणि शेजारी विहिरीचे काळे वर्तुळ दिसले, तर ती संत्र्याची बाग. तेच ठिपके वेडेवाकडे आणि शेजारी नाला असला, तर ती बाभळीची झुडपे. माणसासारखीच फोटोतल्या ठिपक्याचीही ओळख त्याच्या शेजारावरून पटते.

"मग या दाराचं मोजमाप सांग," मी नातीला म्हणालो.

तिने शोधाशोध केली. 'क्युरिऑसिटी' या अमेरिकन गाडीने २०२२ च्या मे महिन्यात घेतलेला हा फोटो. दाराची उंची जेमतेम फूटभर! खडक ठरावीक दिशांना तडकतो. दोन उभ्या भेगा आणि एक आडवी भेग एकत्र आल्या, मधला तुकडा निखळला, की झाली चौकट तयार. आमच्या सीताबर्डीच्या टेकडीवरचा काळा खडकसुद्धा असाच चौकोनी तडकतो.

"फूटभर दारातून जाणारी माणसं म्हणजे—" नात विचारात पडली.

"आपल्या घरचे उंदीर," आतून आजी म्हणाल्या. फराळाचे डबे त्यांच्या ताब्यात असल्याने तो विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा होता.

एका पणतीचा प्रयोग

नातीचे समाधान झाले नव्हते. तिने लगेच दुसरा फोटो काढला. हा मात्र माझ्या जुन्या ओळखीचा होता. मंगळावरचा तो प्रसिद्ध चेहरा! दोन डोळे, नाक, मिटलेले ओठ, कपाळावर शिरस्त्राणासारखी कड. आणि तो चेहरा आकाशाकडे टक लावून पाहत आहे.

मी म्हटले, "करंजीची थोडी कणीक आण, आणि एक पणती."

कणकेच्या गोळ्यावर मी डोळे मिटून चार-पाच ठिकाणी बोटे दाबली, खोलीतला दिवा घालवला आणि पणती ताटाच्या कडेला, अगदी खाली धरली. दोन खळग्यांत सावली भरली, मधला उंचवटा उजळला, खाली एक आडवी रेघ उमटली. गोळा आमच्याकडे पाहू लागला! धाकट्या नातवाने तर भीतीने आजीचा पदर धरला. मग मी पणती उचलून गोळ्याच्या थेट वर नेली. सावल्या पळाल्या, चेहरा नाहीसा झाला, राहिली ती कणीक.

मंगळावर झाले ते हेच. 'व्हायकिंग १' हे यान १९७६ साली मंगळाभोवती फिरत दुसऱ्या यानासाठी उतरायची जागा शोधत होते. २५ जुलैला सायडोनिया नावाच्या भागावरून जाताना त्याने हा फोटो घेतला. सूर्य क्षितिजाच्या वर अवघा २० अंश होता, म्हणजे आमची पणती ताटाच्या कडेला. फोटोतला एक ठिपका सुमारे ५० मीटरचा. त्याहून लहान काही दिसणे शक्य नव्हते. शिवाय संदेश येताना काही ठिपके गळाले, तिथे काळे डाग पडले, आणि त्यांतला एक नेमका नाकपुडीच्या जागी पडला! हा ऊनसावलीचा खेळ आहे, असे शास्त्रज्ञांनी फोटो प्रसिद्ध करतानाच सांगितले होते. पण जगाने चेहरा तेवढा घेतला आणि खुलासा सोडून दिला. पुढे 'मार्स ग्लोबल सर्व्हेयर' या यानाने १९९८ आणि २००१ साली त्याच टेकडीचे कितीतरी बारीक फोटो घेतले. २००१ च्या फोटोतला ठिपका दीड मीटरच्या आसपासचा होता. त्यात दिसली ती झिजलेली, सपाट माथ्याची एक टेकडी. अशा टेकड्या आपल्याकडे दख्खनच्या पठारावर हव्या तेवढ्या आहेत.

हा प्रयोग आपल्या घरी जरूर करून पाहावा. आणखीही एक करता येईल. ताटात रांगोळी पसरून अंगठ्याने खळगे पाडावेत, पणती पलीकडच्या बाजूला ठेवून मोबाइलवर फोटो घ्यावा आणि तो फोटो उलटा फिरवून पाहावा. खळग्यांचे उंचवटे झालेले दिसतील! उजेड वरूनच यायचा, ही आपल्या डोळ्यांची लहानपणापासूनची समजूत. ती मोडली की डोळे बिनदिक्कत खोटी साक्ष देतात.

शाळेतली मुले आणि मंगळावरचे कालवे

चेहऱ्याचे वेड अलीकडचे. त्याच्या शंभर वर्षे आधी मंगळावर कालवे होते.

१८७७ साली मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ आला होता. इटलीतल्या मिलान इथल्या वेधशाळेतून ज्योव्हानी स्क्यापारेल्ली यांनी त्याचा नकाशा काढला आणि त्यावर काही सरळ रेघा दाखवल्या. त्यांना त्यांनी 'कानाली' म्हटले. इटालियन भाषेत त्याचा अर्थ चर किंवा प्रवाहमार्ग असाही होतो. पण इंग्रजीत त्याचे 'कॅनॉल' झाले, आणि कॅनॉल म्हटला की तो कोणीतरी खणलेला असायचा! सुएझचा कालवा १८६९ साली सुरू झालेला. खणण्याच्या पराक्रमाने युरोप भारावलेला. अमेरिकेतले धनिक पर्सिव्हल लॉवेल यांनी तर १८९४ साली ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला स्वतःची वेधशाळाच बांधली आणि पुढची वीस-बावीस वर्षे मंगळावरचे कालवे रेखाटण्यात घालवली. त्यांचे म्हणणे असे की मंगळ हा सुकत चाललेला ग्रह. तिथल्या शहाण्या लोकांनी ध्रुवावरचे बर्फाचे पाणी वाळवंटातून विषुववृत्तापर्यंत आणले आहे. कल्पना मोठी हृद्य होती. तहानलेल्या जगाची एकजूट कोणाला आवडणार नाही?

लंडनमधल्या ग्रिनिच वेधशाळेचे एडवर्ड माँडर यांना शंका आली. त्यांनी वाद घातला नाही. १९०३ साली एक साधा प्रयोग केला. एका वर्तुळात ठिपके, डाग आणि अस्पष्ट छटा काढून ते चित्र त्यांनी वर्गापुढे लावले आणि शाळकरी मुलांना ते जसेच्या तसे काढायला सांगितले. चित्रात कालव्यांच्या रेघा नव्हत्या. पण दूरच्या बाकांवरच्या अनेक मुलांनी ठिपके जोडून सरळ रेघा काढल्या! मुले खोटे बोलत नव्हती. जे पुरते दिसत नाही ते डोळा आपल्या पदरचे घालून पुरे करतो, एवढेच त्यातून सिद्ध झाले. पुढे १९०९ साली फ्रान्समध्ये म्यूदाँ इथल्या ८३ सेंटिमीटरच्या मोठ्या दुर्बिणीतून यूजीन आंतोनियादी यांनी मंगळ पाहिला, तेव्हा रेघा फुटून त्यांचे बारीक, अनियमित डाग झाले.

"म्हणजे लॉवेल वेडेच होते म्हणायचे!" नात हसत म्हणाली.

मी हसलो नाही. लॉवेलसाहेबांना हसण्याचा अधिकार मला नाही.

माझा कालवा

१९८३ सालचा उन्हाळा. मी तेव्हा ज्या कचेरीत होतो तिथे काटोलच्या बाजूच्या काही गावांचे फोटो माझ्याकडे वाचायला आले होते. आपल्याकडचा काळा खडक म्हणजे लाव्ह्याचे थर. पाणी सापडते ते जिथे खडक कुजलेला असेल किंवा त्याला भेग असेल तिथे. अशी भेग फोटोत बहुधा सरळ, गडद रेघेसारखी दिसते, कारण ओलाव्यामुळे तिच्यावर झुडपे दाटलेली असतात. अशी एक रेघ मला दिसली. काय सुरेख रेघ होती! दीड किलोमीटर लांब, पट्टीने ओढल्यासारखी.

पुढच्याच आठवड्यात कामानिमित्त त्या गावी गेलो. तिथल्या एका संत्र्याच्या बागाईतदाराने आग्रहाने चहाला नेले. त्यांची विहीर आटली होती, बाग पिवळी पडत होती. मी पिशवीतला फोटो काढला, रेघ दाखवली, आणि त्यांच्या धुऱ्यापाशी बोट टेकवून म्हणालो, "इथं पाणी लागायला हरकत नाही."

सरकारी शिफारस वगैरे काही नव्हती. चहाच्या कपावर बोललेले ते एक वाक्य. पण माझ्या हातात विमानातला फोटो होता, आणि त्यांच्या डोळ्यांत तीनशे झाडे होती. त्यांनी बैलजोडी विकली, सुरुंग लावले आणि पंचेचाळीस फूट खणले. लागला तो काळा, अखंड, कोरडा फत्तर.

मला निरोप आला तसा मी गेलो. विहिरीच्या काठावर उभे राहून त्यांनी खाली पाहिले, मग माझ्याकडे. आवाज चढवला नाही. म्हणाले, "साहेब, फोटोत पानी होतं म्हनता, मंग विहिरीत काहून नाही?"

मला उत्तर सुचेना. तेवढ्यात शेण वेचायला आलेली एक म्हातारी थांबली. मी कोणती रेघ धरून चाललो होतो ते तिने ऐकले आणि सहज म्हणाली, "थे तं जुनी गाडवाट हाये बापा. पक्की सडक व्हायच्या आंधी बाजाराच्या गाड्या तिकडूनच जायच्या."

जुनी गाडवाट! वर्षानुवर्षे चाकांनी जमीन खोलगट झालेली, बैलांचे शेण पडलेले, पावसाचे पाणी चार दिवस साचणारे. म्हणून दोन्ही कडांना बाभळी. फोटोत दिसले ते सगळे खरे होते. रेघ खरी, झुडपे खरी, ओलावाही थोडाफार खरा. खोटा होता तो फक्त मी लावलेला अर्थ. आणि तो खोटा ठरवायला मला ना विमान लागत होते ना भिंग. त्या म्हातारीला दोन शब्द विचारले असते तरी पुरे होते.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. फोटोवर जे लिहीन ते पेन्सिलीने. शाईने लिहायचे ते जमिनीवर पाय ठेवून आल्यावर. आमच्या धंद्यातले लोक याला जमिनीची साक्ष म्हणत. काटोलची जमीन दीड तासावर होती, तरी मी ती साक्ष काढली नाही. मंगळ तर कोट्यवधी किलोमीटर दूर!

पृथ्वीवर जीवसृष्टी आहे काय?

नातीचा पुढचा प्रश्न वाजवी होता. "पण आजोबा, तिथं काहीच नसेल, तर फोटोत काही दिसत नाही म्हणून आपण खात्रीनं कसं सांगणार?"

शाबास! फसवणूक दोन्ही बाजूंनी होते. नसलेले दिसते, तसे असलेले दिसत नाही.

१९६५ च्या जुलैत 'मरिनर ४' यानाने मंगळाचे पहिले जवळचे फोटो पाठवले. एकंदर एकवीस, आणि बाविसाव्याचा तुकडा. एकेक फोटो पृथ्वीवर पोचायला आठ तासांहून अधिक वेळ लागे. पहिल्या फोटोचे आकडे येऊ लागले तेव्हा यंत्राने चित्र तयार करीपर्यंत इंजिनियरांना धीर निघेना. त्यांनी आकड्यांच्या पट्ट्या फळीवर लावल्या आणि बाजारातून आणलेल्या रंगीत खडूंनी, आकडा पाहून रंग, असे हाताने चित्र रंगवून काढले. आमच्या घरच्या रांगोळीसारखेच! त्या एकवीस फोटोंत कालवे नव्हते. चंद्रासारखी विवरे होती. मंगळ मेलेला आहे, असे कित्येकांनी जाहीर करून टाकले.

पण त्या फोटोंत मंगळाचा जेमतेम शेकडा एक भाग आला होता. कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट प्रश्न विचारला की, इतक्याच धूसर फोटोंत आपली पृथ्वी जिवंत दिसेल काय? त्यांनी हवामानाच्या उपग्रहांनी घेतलेले पृथ्वीचे हजारो फोटो तपासले. एक ठिपका म्हणजे किलोमीटरभर किंवा त्याहून अधिक. १९६६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष गमतीचा आहे. मोठमोठी शहरेसुद्धा त्यांत ओळखू येत नव्हती. माणसाची खूण म्हणून जे थोडे सापडले, त्यात कॅनडातल्या बर्फाळ जंगलात लाकूडतोड्यांनी पाडलेले चौकटीचे पट्टे होते. म्हणजे अब्जावधी माणसांचा हा ग्रह त्या फोटोंत जवळपास निर्जीवच होता!

टाकळीचे दगड आणि लोणारचे गुलाबी पाणी

मग खूण ओळखायची तरी कशी? याचे उत्तर शोधायला आपल्याला विदर्भाबाहेर जावे लागत नाही.

मंगळाचा पृष्ठभाग बराचसा काळ्या लाव्ह्याच्या खडकाचा आहे, आणि नागपूर अशाच खडकाच्या पूर्वेकडच्या कडेवर वसले आहे. वरून फोटो घेतला तर तो खडक रखरखीत दिसतो. आगीतून निघालेल्या दगडात जीव कुठला? पण ज्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात आहे ते स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी १८४५ साली इथे आले. फिरायला जाताना दगड निरखायचा त्यांना छंद. नागपूरजवळच्या टाकळीला लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या एका पातळ थरात त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख मिळाले, बिया मिळाल्या, फळे मिळाली. सारे दगड झालेले! एक लाव्हा येऊन गेल्यावर आणि दुसरा येण्याआधी मधल्या काळात इथे तळी साचली होती, त्यांच्या काठी झाडे वाढली होती. हा काळ आजपासून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात वाहून गेले, पण त्यांनी वेचलेल्या दगडांनी शिकवलेला धडा राहिला. वरून निर्जीव दिसणाऱ्या खडकाच्या पोटातही गोष्ट असते. ती वाकून, हातोडीने वाचावी लागते.

दुसरे उदाहरण कालपरवाचे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर उल्कापाताने काळ्या खडकात पडलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. मंगळावरच्या विवरांशी तुलना करायला जगभरचे अभ्यासक तिथे येतात, आणि मंगळावरच्या एका विवराला लोणारचे नावही दिलेले आहे. २०२० च्या जूनमध्ये त्याचे हिरवट पाणी एकाएकी गुलाबी झाले. उपग्रहाच्या फोटोंतही तो रंग स्पष्ट उमटला. तर्कांना ऊत आला. कोणी म्हणाले शेवाळे, कोणी म्हणाले आणखी काही. मग पाण्याच्या बाटल्या भरून नागपूरच्या नीरीकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेल्या. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि त्यात खारट पाण्यातच सुखाने राहणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे अतिसूक्ष्म जीव माजले होते, असे आघारकर संस्थेच्या तपासणीत दिसले. फोटोतला रंग खरोखरच जीवाची खूण होती! पण ती खूण आहे, हे ठरवले फोटोने नव्हे, बाटलीभर पाण्याने.

बिबट्याचे ठिपके

आता मंगळावरची आजची स्थिती. तिथे बाटली भरायला माणूस नाही, पण गाड्या आहेत. आपल्या मंगळयानानेही मंगळाचे सुंदर फोटो पाठवले. २०१३ साली ते निघाले तो दिवस भाऊबीजेचा होता, आणि २०२२ साली त्याचा संपर्क तुटेपर्यंत त्याने इमाने चाकरी केली. अमेरिकेची 'पर्सिव्हिअरन्स' ही गाडी १८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझिरो नावाच्या विवरात उतरली. तिथे एके काळी नदी येऊन सरोवराला मिळत होती. २०२४ च्या जुलैत, त्या नदीच्या सुकलेल्या पात्रात तिला मीटरभर लांबीचा एक लालसर खडक सापडला. त्यावर फिकट मध्य आणि गडद कड असलेले बारीक ठिपके होते, म्हणून शास्त्रज्ञांनी त्यांना बिबट्याचे ठिपके म्हटले.

हे ठिपके पाहून कोणी 'जीव सापडला' म्हणून आरोळी ठोकली नाही. गाडीवरच्या उपकरणांनी ठिपके तपासले. त्यांत लोह, फॉस्फरस आणि गंधक यांची खनिजे दिसली, खडकात कार्बनी पदार्थ दिसले. पृथ्वीवर अशी खनिजे चिखलातले सूक्ष्म जीव पुष्कळदा तयार करतात. पण जीवाशिवायही ती होऊ शकतात. वर्षभर चर्चा आणि छाननी होऊन २०२५ च्या सप्टेंबरात निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्यातला शब्द होता 'संभाव्य'. खडकाचा एक तुकडा नळीत बंद करून ठेवला आहे. तो पृथ्वीवर आणण्याची योजना खर्चापायी अडली आहे. तोवर निकाल नाही.

"म्हणजे पेन्सिलीनं लिहिलंय," नात म्हणाली.

माझी छाती भरून आली. नोकरीत ज्या नवशिक्यांना मी हे शिकवले, त्यांना ते समजायला वर्ष वर्ष लागले होते.

"पण आजोबा," ती जरा हिरमुसून म्हणाली, "दार असतं तर किती मजा आली असती!"

आली असती ना! मलाही ते दार हवे होते. लॉवेलना कालवे हवे होते, मला काटोलला पाणी हवे होते. हवेसे वाटणे हा गुन्हा नाही. ते नसते तर कोणी दुर्बीण बांधली नसती की यान पाठवले नसते. फक्त जे हवे आहे तेच जेव्हा फोटोत दिसते, तेव्हा भिंग जरा अधिक पुसून घ्यावे.

राहिली गोष्ट बागाईतदारांची. त्या उन्हाळ्यात मी सुट्टी टाकून त्यांच्या गावी चार दिवस राहिलो. या वेळी फोटो पिशवीतच ठेवला. गावातल्या एकूण एक विहिरी पायी पाहिल्या, कोणती केव्हा आटते ते बायकांना विचारले, नाल्याच्या कडेने चाललो. म्हातारी पुढे आणि मी मागे. आम्ही दाखवलेल्या जागी दोन वर्षांनी, पैसे जमल्यावर, त्यांनी नवी विहीर खणली. अठ्ठावीस फुटांवर पाणी लागले. तोवर निम्मी बाग गेली होती; ती माझ्या खाती जमा आहे आणि राहील. कोरडी विहीर त्यांनी बुजवली नाही. मी गेलो की तिच्याकडे बोट दाखवून ते पाहुण्यांना सांगत, "हे आमच्या साहेबांची फोटोतली विहीर!" त्यांच्या बोलण्यात राग नसे, म्हणूनच ते अधिक लागे.

संध्याकाळी पणत्या लावून झाल्यावर नातीने मैत्रिणींना काय लिहून पाठवले ते मला दाखवले. सकाळी तिने लिहिले होते, 'मंगळावर दार सापडले!!' आणि पुढे तीन उद्गारचिन्हे. आता त्याखाली लिहिले होते, 'दार दिसते आहे. उंची एक फूट. तुम्हांला काय वाटते, काय असेल? आणि ते कसे तपासायचे?'

मी मोबाइल परत दिला, आणि सकाळपासून ताटात राहिलेली ती चकली एकदाची संपवली.